वाक्प्रचार म्हणजे नक्की काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि जरा लांबलेली उत्तरं)

कोथरूडमध्ये मी शाळेतल्या मुलांच्या मराठीच्या शिकवण्या घेते, आणि शनिवारी सकाळी मोठ्यांचा पण एक ग्रुप असतो, त्यात बरेचसे हिंजवडी-बाणेरला नोकरीसाठी आलेले, मराठी बऱ्यापैकी समजतं पण मध्येच कुठेतरी अडतं असे लोक. दोन्हीकडे तेच तेच प्रश्न येतात, मुलांच्या आया तर रात्री अकराला मेसेज करून विचारतात कारण सकाळी पेपर असतो. म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवते.

वाक्प्रचार म्हणजे काय? थोडक्यात सांगा.

दोन-तीन शब्द एकत्र येतात आणि त्यांचा मिळून जो अर्थ होतो तो त्या सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करून निघत नाही, तेव्हा तो वाक्प्रचार. कान माहीत आहे, खडा माहीत आहे, लावणे पण माहीत आहे, तरी "कानाला खडा लावला" म्हणजे "परत असं करायचं नाही हे पक्कं ठरवलं" हे तुम्हाला कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही. जुन्या पुस्तकांत याला वाक्संप्रदाय किंवा नुसतं संप्रदाय म्हटलेलं सापडेल, गोष्ट तीच.

मग साधे शब्द आणि वाक्प्रचार यात फरक कसा ओळखायचा? दिसायला तर सेमच असतात.

हो, तीच तर गंमत आहे, दिसायला सेमच असतात. "पाणी सोडलं" घ्या. पावसाळ्यात बातमी येते, खडकवासल्यातून पाणी सोडलं, म्हणजे आता मुठेला पाणी वाढणार आणि भिडे पूल पाण्याखाली जाणार, इथे पाणी म्हणजे पाणी आणि सोडणं म्हणजे सोडणं. आणि त्याच दिवशी घरी कुणीतरी सांगतं की काकांनी गावाकडच्या जमिनीवर पाणी सोडलं. आता काका काही शेताला पाणी द्यायला गेलेले नाहीत, त्यांनी जमिनीवरचा हक्क सोडून दिलाय. पूर्वी दान देताना हातावरून पाणी सोडायचे, उदक सोडणं म्हणायचे त्याला, म्हणजे ही वस्तू आता माझी नाही. तो विधी आपल्यापैकी फार कमी लोकांनी पाहिलाय, पण बोलण्यात तो राहिला.

ओळखायची एक सोपी युक्ती अशी की एक शब्द बदलून बघायचा. साध्या वाक्यात शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द टाकला तरी काम चालतं, "नदीला पाणी आलं" काय आणि "नदीला जल आलं" काय, दुसरं जरा नाटकी वाटेल पण अर्थ कळतो. वाक्प्रचारात तसं केलंत की खलास. "कानाला दगड लावला" म्हटलं तर लोक विचारतील, लागलं का फार? "हातावर तुरी देऊन पळाला" म्हणजे देखत फसवून पळाला, पण "हातावर तूरडाळ देऊन पळाला" म्हणजे तो वाणी होता. "नाकी नऊ आले" चालतं, "नाकात नऊ" चालत नाही, "नाकी दहा" तर नाहीच नाही, कितीही जास्त दमला असलात तरी.

दुसरी युक्ती म्हणजे मध्ये विशेषण घुसवून बघा. "मी कानाला छोटासा खडा लावला" असं म्हटलं की लगेच विनोद होतो, कारण खड्याकडे लक्ष गेलं, आणि वाक्प्रचारात खड्याकडे लक्ष जाता कामा नये.

एकवचन-अनेकवचन बदललं तर चालतं का?

नाही!! हे मुलं हमखास चुकतात. डोळ्याचंच बघा. "डोळा लागला" म्हणजे जरा झोप लागली. "वाटेकडे डोळे लागले" म्हणजे आतुरतेने वाट बघणं, म्हणजे झोपेच्या बरोब्बर उलटं. "डोळे आले" म्हणजे डोळ्यांची साथ आली, डॉक्टरकडे जा. "त्याचा त्या फ्लॅटवर डोळा आहे" म्हणजे त्याला तो फ्लॅट हवाय, इथे "डोळे आहेत" केलंत तर संपलं. "डोळे फिरले" म्हणजे माज चढला (पैसा आला आणि डोळे फिरले), "डोळे पांढरे झाले" म्हणजे घाबरगुंडी उडाली, शाळेची फी ऐकून होतात तसे. "डोळ्यात भरलं" म्हणजे आवडलं आणि "डोळ्यात खुपलं" म्हणजे बघवलं नाही. "डोळ्यावर येणे" म्हणजे नको तितकं लोकांच्या नजरेत येणं. आणि "डोळे मिटले" हे तर दोन्हीकडे चालतं, झोपायला पण आणि कायमचं झोपायला पण, तिथे पुढचं-मागचं वाक्य बघूनच ठरवायचं.

इतकं सगळं एकाच अवयवावर, आणि मी अजून कान, नाक, तोंड, पोट, हात यांना हात लावलेला नाही.

म्हण आणि वाक्प्रचार एकच ना?

एकच नाही. म्हण हे पूर्ण वाक्य असतं, स्वतःचं म्हणणं स्वतः मांडतं, त्याला तुमची मदत लागत नाही. "पुणे तिथे काय उणे" म्हटलं, झालं, विषय संपला (पुणेकरांपुरता तरी). काळ बदलत नाही, कर्ता बदलत नाही, "पुणे तिथे काय उणे होते" असं कुणी म्हणत नाही. वाक्प्रचार मात्र अर्धवट असतो, त्याच्या शेवटी बहुतेक वेळा "णे" असतं आणि त्याला कुणीतरी माणूस आणि काहीतरी काळ जोडावा लागतो: कान टवकारणे, तिने कान टवकारले, टवकारेल, टवकारू नकोस.

मधल्या हद्दीवर मात्र भांडणं आहेत. "पालथ्या घड्यावर पाणी" ही म्हण की वाक्प्रचार? नुसतं तेवढंच उद्गारलं तर म्हणीसारखं, "त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी घालणं" केलं तर वाक्प्रचार. "दुष्काळात तेरावा महिना" मध्ये तर क्रियापदच नाही तरी सगळे तिला म्हण म्हणतात. परीक्षेत जे पुस्तकात ज्या मथळ्याखाली दिलंय तेच लिहा, बाकीचा वाद घरी घाला.

अकलेचा कांदा, उंटावरचा शहाणा, कळीचा नारद वगैरे कशात मोडतात?

शाळेच्या व्याकरणात त्यांना आलंकारिक शब्द म्हणतात. तत्त्व तेच, कांद्याचा आणि अकलेचा काही संबंध नाही, पण यांत क्रियापद नसतं, नामासारखे वापरले जातात. लंकेची पार्वती म्हणजे अंगावर दागिना नसलेली बाई, हे मुलांना कितीही वेळा सांगितलं तरी ते श्रीलंकेतल्या कुणाबद्दल तरी लिहितात.

"वाक्यात उपयोग करा" ला मार्क का कापले? वाक्य तर बरोबर होतं.

हा प्रश्न नसून तक्रार असते, तरी उत्तर देते. मूल लिहितं, "रमेशने कंबर कसली." व्याकरणात चूक काहीच नाही, पण यावरून तपासणाऱ्याला कसं कळणार की तुला अर्थ माहितीये? रमेशने पट्टा पण कसला असेल. वाक्य असं हवं की वाक्प्रचार झाकला तरी त्या जागी काय असेल याचा अंदाज यावा: "मिरवणूक चार दिवसांवर आली तशी पथकातल्या सगळ्यांनी कंबर कसली आणि रोज संध्याकाळी नदीपात्रात ढोलाचा सराव सुरू केला." आता दिसतंय ना की जोमाने तयारीला लागले.

आणि ती जुनी पळवाट, "बाईंनी आम्हाला कंबर कसणे हा वाक्प्रचार शिकवला", ती आम्ही पण लहानपणी वापरलेली आहे, सगळ्या बाईंना माहीत आहे, त्यावर अर्धा मार्क पण मिळत नाही.

अजून एक, अर्थ पाठ करून उपयोग नाही, कारण यादीत नुसतं "नाकी नऊ येणे = खूप दमणे" लिहिलेलं असतं आणि मग मूल लिहितं "मी नाकी नऊ आलो". दमतो तो "मी", बरोबर, पण नऊ येतात ते "माझ्या" नाकी. "माझ्या नाकी नऊ आले." तसंच "तो धाबे दणाणला" नाही, "त्याचं धाबं दणाणलं". धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, वर कुणी धाडधाड चाललं की खालच्यांच्या छातीत धडकी भरणार, म्हणून घाबरणे. "ती बोबडी वळली" नाही, "तिची बोबडी वळली". माणूस कुठल्या विभक्तीत येतो हे वाक्प्रचारासकटच शिकायला लागतं, आणि ते यादीत कधीच नसतं. म्हणून मी यादी पाठ करायला देतच नाही, वाक्य पाठ करा म्हणते, कुणी कुणाला कधी म्हटलं तेवढ्यासकट.

नाकी, ताकास, पदरी... हे असे विचित्र शब्द का असतात? आपण तर नाकात, ताकाला म्हणतो.

कारण ते जुनं मराठी आहे. पूर्वी "नाकात" या अर्थी "नाकी" म्हणायचे, "हातात" ला "हाती", "पदरात" ला "पदरी", "ताकाला" ला "ताकास". रोजच्या बोलण्यातून ते प्रत्यय मागे पडले पण वाक्प्रचारात गोठून राहिले: हाती घेणे, गळी उतरवणे, कामी येणे, पदरी पडणे, ताकास तूर न लागू देणे. म्हणून परवा एका मुलाने "कामात आला" लिहिलं तर अर्थच बदलला, "लढाईत कामी आला" म्हणजे मारला गेला, आणि "कामात आला" म्हणजे बहुतेक ऑफिसला पोचला.

नुसते प्रत्यय नाही, अख्खे शब्द पण असेच टिकलेत. गाशा म्हणजे काय हे कुणाला विचारा, नव्वद टक्के लोक "सामान असेल" म्हणतील, पण "गाशा गुंडाळला" सगळे बिनचूक वापरतात. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. घोडे गेले, खोगीर गेलं, गाशा बोलण्यात राहिला. खोगीरभरती पण तिथलीच, खोगिरात जे काय चिंध्या-बिंध्या कोंबतात ते, म्हणून निरुपयोगी गोष्टींची भर. वेठीस धरणे मधली वेठ म्हणजे बिनपगारी सक्तीची मजुरी.

पुण्यातून आलेले काही वाक्प्रचार आहेत का?

आहेत की. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे "ध चा मा करणे". शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. गोष्ट अशी सांगतात की राघोबादादांच्या चिठ्ठीत "नारायणरावांस धरावे" होतं आणि आनंदीबाईंनी त्याचं "मारावे" केलं. ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे, इतिहास म्हणून परीक्षेत लिहू नका, पण मजकुरात छोटासा बदल करून भलताच अर्थ करणे याला "ध चा मा" म्हणतात तो इथून. सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स कुणी लिहिले यावरून हा शब्द आमच्याकडे दर वर्षी निघतो.

मजा म्हणजे "अटकेपार झेंडे लावणे" पण त्याच राघोबादादांच्या नावावर. १७५८ मध्ये त्यांच्या मोहिमेत मराठ्यांच्या फौजा सिंधूकाठच्या अटक किल्ल्यापर्यंत गेल्या, म्हणून मोठा पराक्रम करणे. आज कुणाची मुलगी शिकायला परदेशी गेली की कौतुकाच्या बॅनरवर हेच असतं. आणि त्यानंतर तीनच वर्षांत १४ जानेवारी १७६१, पानिपत. तेव्हापासून कुठल्याही मोठ्या, सपशेल पराभवाला "पानिपत होणे", आणि विश्वासराव तिथे पडले म्हणून "विश्वास तर पानिपतातच गेला" असं आजी लोक अजून म्हणतात, उसने पैसे मागायला कुणी आलं की विशेष करून.

कागदोपत्री कारभारातून आलेले कमी लोकांना माहीत असतात. शिक्कामोर्तब घ्या. जुन्या पत्राच्या वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की शेवटी छोटी मोर्तब, म्हणजे याच्या खाली कुणी चार ओळी घुसडू शकत नाही. दोन्ही झालं की कागद पक्का. आणि तो कागद एकदा "दप्तरी दाखल" झाला की पुढे काही होत नाही, हा अर्थ मात्र लोकांनी अनुभवाने लावला असावा, तो आजही लागू आहे.

आणखी एक पुणेरी आहे पण तो मी स्वतः वापरत नाही, "येरवड्याला पाठवणे". येरवड्यात तुरुंग पण आहे आणि मनोरुग्णालय पण, त्यामुळे "याला येरवड्याला पाठवा" चा अर्थ संदर्भावरून लावायचा. पूर्वी सर्रास हसत हसत म्हणायचे. ज्यांच्या घरातलं कुणी तिथे उपचार घेत असेल त्यांना ते किती लागत असेल याचा विचार केला की तोंडातून निघत नाही.

"दुकान वाढवलं" ऐकून मी विस्तार झाला म्हणून अभिनंदन केलं. काय चुकलं?

दुकान बंद केलं हो! हा एक वेगळाच प्रकार आहे आणि बाहेरून आलेल्यांना सगळ्यात जास्त हाच गंडवतो. काही गोष्टी तोंडाने बोलणं अशुभ मानतात, मग उलटा शब्द वापरतात. बंद झालं, फुटलं, तुटलं म्हणायचं नाही, "वाढलं" म्हणायचं. रात्री शटर खाली ओढताना दुकान वाढवतात. गणपतीपुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी पिचली तर वाढली, मंगळसूत्र तुटलं तर वाढवलं. आता यातच भर म्हणजे पानात "वाढणे" हे साधं क्रियापद पण आहे, भात वाढा, आमटी वाढा, ते अक्षरशः घ्यायचं.

याच कारणाने घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नवीन असताना "कुठून येतोस? आत्ता तर जातोयस" असं मित्राला विचारलं होतं, प्रश्न अगदी रास्त होता.

मरणाबद्दल तर पूर्ण वेगळी शिस्त आहे. देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले, वारले, गेले, खपले, गचकले, अर्थ एकच पण "गचकले" बॉसच्या वडिलांबद्दल लिहून बघा. पत्रात देवाज्ञा, बोलताना "गेले", आणि शेवटचे दोन फक्त सिनेमातल्या व्हिलनसाठी किंवा बंद पडलेल्या स्कूटरसाठी ठेवा. आणि पुण्यात "वैकुंठ" म्हटलं की नवी पेठेतली स्मशानभूमी, त्यामुळे "वैकुंठाला जाऊन आलो" हे वाक्य पुण्यात माणूस जिवंतपणी म्हणू शकतो.

मारणे, खाणे, लागणे हे कशाबरोबरही येतात. हे सगळे वाक्प्रचार का?

सगळे म्हणू नका, पण हद्द पुसट आहे. गप्पा मारणे, हाक मारणे, चक्कर मारणे, उडी मारणे यात "मारणे" ला स्वतःचा अर्थ जवळजवळ उरलेलाच नाही, फक्त आधीच्या नामाला क्रियापद करायचं काम ते करतं. अर्थ गप्पा या शब्दावरून कळतोच, म्हणून मी त्याला वाक्प्रचार म्हणत नाही, जोडीचा शब्द म्हणते. पण "डोळा मारणे" मध्ये कळत नाही, तो वाक्प्रचार.

खाणे तर विचारूच नका. मार खाणे, बोलणी खाणे, आपटी खाणे इथपर्यंत "सोसणे" असा एक धागा सापडतो. मग भाव खाणे, डोकं खाणे, पैसे खाणे, कच खाणे, हाय खाणे, उचल खाणे, माती खाणे, प्रत्येकाचा अर्थ वेगळा शिकायचा. "त्याने पैसे खाल्ले" आणि "त्याने हाय खाल्ली" यात पहिला सुखात आहे आणि दुसरा खचलाय.

आणि लागणे. भूक लागली, झोप लागली, ठेच लागली, दृष्ट लागली, नोकरी लागली. स्वारगेटला उभं राहून कोण म्हणालं "गाडी लागली" तर पळा, फलाटावर लागलीये. तोच माणूस भोर घाटात म्हणाला "मला गाडी लागते" तर पिशवी द्या आणि खिडकीची जागा द्या.

हिंदी येतं, मग मराठी वाक्प्रचार आपोआप कळतील ना?

अर्धे कळतील, आणि त्या अर्ध्यांमुळेच बाकीचे अर्धे चुकतील. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे, लोणी लावणे, डोळा लागणे हे हिंदीत जवळपास जसेच्या तसे आहेत, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. मग "पोबारा" येतो. हिंदीत पौ बारह होना म्हणजे नशीब उघडणं, चांदी होणं. मराठीत पोबारा करणे म्हणजे पळ काढणे! दोन्ही सोंगट्यांच्या फाशांच्या एकाच दानातून आलेत, पण वाटेत फुटले. त्यामुळे मराठी पेपरात "चोरांचा पोबारा" वाचून चोरांना लॉटरी लागली असं समजू नका, अर्थात त्यांच्या दृष्टीने तसंच असेल.

आकडे असलेले वाक्प्रचार कसे लक्षात ठेवायचे?

काहींना दिसणारं कारण आहे. "छत्तीसचा आकडा" म्हणजे वैर, आणि तो देवनागरीतच लिहून बघायचा: ३६. दोन्ही आकडे एकमेकांकडे पाठ करून बसलेत. उलटा केला, ६३, की समोरासमोर. इंग्रजी आकड्यांत लिहायला शिकलेल्या मुलांना हे फळ्यावर काढून दाखवलं की परत विसरत नाहीत.

"पाचवीला पुजणे" चं कारण मुलांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं इयत्ता पाचवी. बाळ जन्मलं की पाचव्या रात्री सटवाईची पूजा करतात, ती बाळाचं नशीब लिहिते म्हणतात, म्हणून जन्मापासून नशिबालाच चिकटलेली गोष्ट. सिंहगड रोडवाल्यांच्या ट्रॅफिक पाचवीला पुजलेलं आहे, हे वाक्य परीक्षेत लिहायला हरकत नाही. "नाकी नऊ" मधले नऊ म्हणजे शरीराची नऊ दारं, त्या सगळ्यांतले प्राण नाकाशी आले इतकं दमायला झालं, असं स्पष्टीकरण देतात. बाकी सतरा भानगडी, बारा वाजणे वगैरे नुसतेच लक्षात ठेवा, प्रत्येकाचं मूळ शोधत बसलात तर तुमचेच बारा वाजतील.

नवीन वाक्प्रचार तयार होतात का, की सगळे पेशवाईतलेच?

होतात, सतत होतात. "हिरवा कंदील दाखवणे" आपण किती सहज म्हणतो, पण आपल्याकडे पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली १८५३ ला, गार्डचा कंदील त्यानंतरचाच, म्हणजे नाना फडणवीसांनी कशालाही हिरवा कंदील दाखवलेला नाही. (ऐतिहासिक मालिकेत हा संवाद ऐकू आला की मला फार त्रास होतो.) "गाडी रुळावर येणे" तसंच. मग विजेमुळे फ्यूज उडणे आला, कॉम्प्युटरमुळे डोकं हँग होणे आला. पोपट होणे, कल्टी मारणे, टांग देणे, चुना लावणे हे कॉलेजातून घरात आले, आता आजोबा पण "माझा पोपट केलास" म्हणतात. कोल्हापूरकडचं "नाद खुळा" पुण्यात इतकं रुळलंय की इथल्या मुलांना ते आपलंच वाटतं. निबंधात लिहू नका इतकंच, तो शब्द अशुद्ध आहे म्हणून नाही, तर निबंधाचा तो सूर नाही म्हणून. मित्राला "टांग दिली" म्हणा, पत्रात "ऐनवेळी साथ सोडली" म्हणा.

लग्नाला बोलावलं म्हणून "वाटाण्याच्या अक्षता दिल्या" असं म्हटलं तर सगळे हसले.

साहजिक आहे. पुण्यात पहिली अक्षत कसबा गणपतीला देतात, मग बाकीच्यांना, अक्षता म्हणजे कुंकू लावलेले तांदूळ, मानाचं आमंत्रण. वाटाण्याच्या अक्षता लावणे म्हणजे वरवर मान दिल्यासारखं करून प्रत्यक्षात नकार देणं, कटवणं. तुम्ही यजमानांसमोरच सांगितलंत की यांनी मला कटवलं. हसले म्हणजे माणसं चांगली आहेत.

अर्थ अडला तर कुठे बघायचा?

इंटरनेटवरच्या "५०० वाक्प्रचार" छापाच्या याद्या एकमेकांवरून उतरवलेल्या असतात, एकीत चूक असली की सगळ्यांत. त्यापेक्षा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि त्यात बोलीतले, शिव्यांच्या जवळपासचे प्रयोग पण न लाजता दिलेत. मराठीतून मराठी हवा असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात.

शोधताना क्रियापद टाकू नका, "भरणे" शोधलंत तर पानंच्या पानं येतील. नाम टाका, कान, हात, पाणी, आणि तेही मूळ रूपात, "कानाला" नाही, "नाकी" नाही. नोंद उघडली की मुख्य अर्थ सोडून खाली जा, वाक्प्रचार तिथे बारीक टाइपात दाटीवाटीने बसवलेले असतात, चष्मा असेल तर लावून बसा.